भरारी पुरे झाली

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व उपनगरातील एका महाविद्यालयात मराठी वाङ्मय हा विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीने अनुभवलेखनाच्या प्रकल्पासाठी सात पानांचा मजकूर लिहून दिला. मे महिन्याच्या सुट्टीत ती मामाकडे पुण्याला गेली होती. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात रीतसर पैसे भरून ती विनाइंजिनाच्या विमानात बसली आणि एकदा आकाशात जाऊन आली. त्या काही मिनिटांविषयी तिने लिहिले होते. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेले विंच, त्यावर गुंडाळली जाणारी पोलादी तार, क्षणात उभे झालेले विमान, तार सुटल्याचा खटका, आणि मग इंजिन नसल्यामुळे ऐकू येणारा, पंखांवरून सरकणाऱ्या हवेचा आवाज. मागे बसलेल्या प्रशिक्षकाने दूरवर फिरणारी एक घार दाखवली, विमान तिकडे वळवले, आणि घारीच्या शेजारी फिरता फिरता उंची दर्शवणारा काटा वर सरकू लागला. खाली हडपसरची नवी गृहसंकुले लहान होत गेली. मजकुरात उपमा अशी एकच होती, तीही घरगुती: उकळत्या चहात पूड तळाहून वर येते तशी आम्ही वर आलो.

या मजकुराला पन्नासपैकी एकोणीस गुण मिळाले. शेरा असा होता: ‘माहितीपर. तांत्रिक तपशिलाचा अतिरेक. आकाशात भरारी घेतल्याचा उत्कट आनंद व्यक्त झालेला नाही. साहित्यमूल्य अल्प.’

हा शेरा लिहिणारी व्यक्ती आमच्यापैकीच एक आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही जो आरोप करणार आहोत, त्यातील पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे. आम्ही म्हणजे अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात मराठी शिकणारे आणि शिकविणारे काही जण. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमतो, वाचतो, भांडतो. त्या सात पानांची झेरॉक्स मध्यंतरी जुन्या कागदांत सापडली आणि आमच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली गेली. वाचन संपल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. ज्या शेऱ्याला आम्ही एके काळी समीक्षा समजत होतो, तो शेरा त्या मजकुरापुढे अडाणी दिसत होता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: मराठी साहित्यव्यवहाराने आकाश हे केवळ रूपकाचे कोठार म्हणून वापरले. प्रत्यक्ष आकाशाकडे, तिथल्या हवेकडे, तिथे घडणाऱ्या मानवी उद्योगाकडे त्याने पाठ फिरवली. आणि कुणी तिकडे पाहून आलेच, तर आपल्या जवळच्या रूपकाशी त्याचे पाहणे जुळत नाही म्हणून त्याचे गुण कापले.

‘भरारी’ या शब्दापासूनच सुरुवात करू. दहावी-बारावीचे निकाल लागले की घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवली येथील नाक्यानाक्यावर फलक लागतात. गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, नगरसेवकांची त्याहून मोठी छायाचित्रे आणि वर ‘गगनभरारी’. पतपेढीला शाखा निघाली, भरारी. कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहायची आहे, कवीची प्रतिभा भरारी घेते. समीक्षकाला कवितेत नेमके काय घडते हे सांगता आले नाही की तो कल्पनेच्या भरारीचा आश्रय घेतो. नाक्यावरचा फलक आणि विद्यापीठातले चर्चासत्र यांची भाषा या एका शब्दाशी येऊन एकरूप होते, आणि त्याची लाज दोहोंपैकी कुणालाच वाटत नाही.

शब्द मुळात वाईट नाही. ‘भरारी’त ‘भर्र’ असा पंखांचा आवाज आहे. झुडपातून तित्तिर उठतो, कौलावरून पारव्यांचा थवा उठतो, तेव्हा हा शब्द खरा असतो. पण उंच आकाशात ज्याला खरोखर दीर्घकाळ राहायचे असते तो पक्षी भर्र करीत नाही. पंख फडफडवून उंची मिळविणे हा फार महागडा व्यवहार आहे, तो मोठ्या आकाराच्या पक्ष्याला परवडत नाही. घार, गरुड, गिधाड हे पक्षी पंख पसरून ठेवतात आणि वर चढणारी हवा शोधतात. सर्वांत उंच जाणारे हे पक्षी भरारी घेतच नाहीत, आणि आपण उंचीचे वर्णन करताना नेमका तोच शब्द वापरतो. पाहिल्यावाचून रूढ झालेल्या रूपकाची याहून ठळक खूण कोणती असेल?

आता त्या मुलीने जे पाहिले ते काय होते? ग्लायडर सतत खालीच येत असतो. आजूबाजूच्या हवेच्या संदर्भात त्याला दुसरा मार्ग नाही, नाक किंचित खाली ठेवून घसरत राहिल्यानेच त्याला वेग मिळतो आणि वेगामुळे पंखांना आधार मिळतो. मग तो वर कसा जातो? ज्या हवेत तो घसरत आहे ती हवाच त्याच्या घसरण्याहून अधिक वेगाने वर चढत असेल तर. उन्हाने तापलेले नांगरलेले शेत, खडकाळ माळ, पत्र्याची छपरे यांवरची हवा तापते, हलकी होते आणि स्तंभासारखी वर निघते. इंग्रजीत तिला थर्मल म्हणतात. तो स्तंभ डोळ्यांना दिसत नाही. तो कुठे असेल हे वैमानिक खुणांवरून ताडतो: खाली उठलेली वावटळ, वर जमू लागलेला कापसासारखा ढग, किंवा आधीच तिथे पोहोचलेली घार. स्तंभ सापडला की त्याच्या आतच राहण्यासाठी गोल फिरायचे. सापडला नाही तर विंचने दिलेली हजारभर फुटांची उंची पाच-सहा मिनिटांत संपते आणि निमूटपणे धावपट्टीवर यावे लागते.

वाचकहो, या वर्णनात साहित्यमूल्य अल्प आहे काय? सतत खाली येत असलेल्या एका वस्तूने, स्वतःची काहीही शक्ती न वापरता, न दिसणाऱ्या गोष्टीच्या खुणा वाचून वर जाणे. वाचनाविषयी इतके नेमके दुसरे चित्र आम्हांला तरी ठाऊक नाही. परंतु त्या मुलीने हे चित्र ‘जीवन हे असेच असते’ अशा वाक्याने बांधून दिले नाही. तिने काटा वर सरकला एवढेच सांगितले. आम्हांला ते पुरले नाही, कारण आम्हांला अनुभव नको होता, अनुभवाची पावती हवी होती.

ही सवय आजची नाही. तिचा इतिहास पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाकडे जावे लागेल. त्या दशकात पृथ्वीच्या तीन टोकांवर तीन माणसांची नावे उड्डाणाशी जोडली गेली. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल याने करकोच्यांचे निरीक्षण करून १८८९ साली पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला, आणि १८९१ पासून स्वतः बांधलेल्या पंखांनी टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगून दाखविले. त्याची छायाचित्रे आहेत, मोजमापांचे तक्ते आहेत. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेस स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर लॉरेन्स हारग्रेव्ह हा माणूस पेटीच्या आकाराचे पतंग करीत असे. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी अशा चार पतंगांच्या दोरीला बसून तो जमिनीपासून सोळा फूट उचलला गेला. फक्त सोळा फूट. हारग्रेव्हने आपल्या शोधांचे एकस्व घेतले नाही. प्रत्येक प्रयोग, फसलेला आणि साधलेला, न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून जगाला देऊन टाकला. पुढे युरोपातल्या पहिल्या विमानांच्या पंखांत त्याच्या पेटी-पतंगाची रचना दिसते. त्याच्या देशाने त्याचे चित्र १९६६ पासून सुमारे तीन दशके वीस डॉलरच्या नोटेवर छापले.

तिसरे नाव आपल्या मुंबईचे: शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ‘मरुत्सखा’ हे त्या विमानाचे नाव, इतक्या शे फूट उंची, अमुक राजे आणि तमुक न्यायमूर्ती साक्षीला. कथा सांगणाऱ्यागणिक उंची आणि साक्षीदार बदलतात. त्या काळातील विश्वासार्ह पुरावा, रेखाटन, मोजमाप, प्रत्यक्षदर्शीची नोंद, यांपैकी काहीही कुणी समोर ठेवलेले नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा दाखला या कथेला जोडून दिला जातो, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली आणि निष्कर्ष काढला, की तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत. तरीही जानेवारी २०१५ मध्ये आपल्याच उपनगरात, कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्यात तळपद्यांच्या कथेवर हिंदी चित्रपटही आला.

तळपदे यांचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी काही यंत्र बांधण्याचा प्रयत्न केला असेल तर तो आदरास पात्र आहे. आमचे भांडण आहे ते त्यांच्याभोवती साचलेल्या मराठी गद्याशी. सोळा फुटांची नोंद ठेवणाऱ्या संस्कृतीत पुढे लेखन जन्मते, शेकडो फुटांची आख्यायिका सांगणाऱ्या संस्कृतीत सत्कार जन्मतात. आख्यायिकेला तपशील नको असतो, किंबहुना तपशिलाने ती मरते. आम्ही त्या मुलीला तपशिलाचा अतिरेक केला म्हणून दोष दिला, तेव्हा आम्ही नकळत कोणत्या परंपरेच्या बाजूने उभे होतो हे आता कळते.

आता हारग्रेव्हच्या देशात पुढे काय झाले ते पाहू, कारण विनाइंजिनाच्या उड्डाणाचा संसार तिथे जसा उभा राहिला तो आपल्या विषयाशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियात ग्लायडिंग क्लबांचा महासंघ १९४९ साली स्थापन झाला. वाइकेरी या दक्षिण ऑस्ट्रेलियातील छोट्या गावी १९७४ साली जागतिक स्पर्धा झाली. व्हिक्टोरियातील बेनाला येथे १९८७ साली, आणि पुन्हा २०१७ साली. सपाट, कोरडा, तापणारा प्रदेश आणि मैलोन्‌मैल मोकळी शेते, ही निसर्गाची देणगी तर आहेच. परंतु आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती त्या खेळाची सामाजिक रचना. क्लब सभासदांचे. शिकविणारे बहुतेक विनावेतन. एकाला उडवायचे तर दुसऱ्याने विंच चालवायचे किंवा दोर ओढणारे विमान चालवायचे, तिसऱ्याने पंखाचे टोक धरून पळायचे, चौथ्याने वेळ टिपायची. कुणी दूरच्या प्रवासाला निघाला आणि हवा संपली, की तो कुणा शेतकऱ्याच्या शेतात उतरतो. मग मित्र मोटारीला लांबलचक पेटीगाडी जोडून, रात्री-अपरात्री त्याला आणायला जातात, पंख सोडवतात, पेटीत भरतात, आणि परतीच्या वाटेवर तो दिवसभराची हकिगत सांगतो.

ती हकिगत हेच त्या समाजाचे वाङ्मय आहे. कुठे आरोह सापडला, कुठे तो चुकला, कोणत्या ढगावर भरवसा ठेवला आणि त्याने कसा दगा दिला. उड्डाणाची नोंदवही, क्लबचे पत्रक, आणि पुढे कधीतरी पुस्तक. नोंद, गप्पा, लेखन अशी ती चढती पायरी आहे. साहित्य एकट्या प्रतिभावंताच्या कल्पनेतून उडत नाही. त्याच्या पंखाचे टोक धरून कुणीतरी पळालेले असते.

आपल्याकडे असे काही नव्हतेच असे म्हणाल, तर ते खोटे आहे. हडपसरचे केंद्र पन्नासच्या दशकापासूनचे, केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याचे. हे खाते केवळ परवाने देत बसले नाही. दिल्लीतील त्याच्या तांत्रिक केंद्रात भारतीय अभियंत्यांनी स्वतः ग्लायडर रेखाटले आणि बांधले. त्यांची नावे ऐका: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको, की ही पंचांगातील पहिली सहा नक्षत्रे आहेत, कृत्तिकेचे तेवढे कार्तिक झाले. रुक्ष सरकारी फायलीत काम करणाऱ्या माणसांनी लाकूड, कापड आणि सरस यांच्या यंत्रांना अशी नावे दिली, आणि आर्द्रेपर्यंत आले. आर्द्रेत बसून राष्ट्रीय छात्रसेनेची मुले उडायला शिकली. या सहा नावांवर मराठीत एखादा ललित निबंध लिहिला गेल्याचे आमच्या वाचनात नाही. नक्षत्रांवर मात्र कविता उदंड.

फरक एवढाच, की तिथे ग्लायडिंग हा समाज झाला आणि आपल्याकडे ते खाते राहिले. खात्याला इतिहास असतो तो अहवालात. त्याच्या हकिगती सांगायला कुणी उरत नाही. पण खात्याला समाज होण्यास मदत करणे हे ज्यांचे काम, ते लिहिणारे, वाचणारे, शिकविणारे लोक कुठे होते? पुण्यात साहित्यसंस्थांची आणि साहित्यिकांची वाण कधीच नव्हती. हडपसर तिथून फार दूर नाही.

येथे आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील. बैठकीत ते घेतले गेलेच, म्हणून त्यांना येथेच उत्तर देतो.

पहिला आक्षेप: हा मूठभर सुखवस्तूंचा खेळ आहे, त्याच्यासाठी मराठी साहित्याने का झुरावे? ज्या भाषेतील कष्टकऱ्याचे जगणेसुद्धा अजून पुरते लिहिले गेलेले नाही, तिथे ही चैन कशाला? आक्षेप गंभीर आहे आणि त्यामागची कळकळ आम्हांला मान्य आहे. परंतु ती मुलगी भांडुपच्या चाळीत राहणारी होती आणि उड्डाणाचे पैसे तिने शिकवण्या घेऊन साठवले होते. अनुभव चैनीचा की कष्टाचा हे तिच्यासाठी ठरविण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिला? कष्टकऱ्याच्या मुलीने कष्टाविषयीच लिहावे, हा नियम दिसायला पुरोगामी आहे. प्रत्यक्षात तो तिला तिच्या चाळीत परत पाठवितो.

दुसरा आक्षेप: हे सारे परके, पाश्चात्त्य, यंत्रांचे जग, आपल्या मातीतले नव्हे. या आक्षेपाला आम्ही कमी आदर देतो. हवा तापून वर चढणे हे कुठल्या संस्कृतीचे? दख्खनच्या माळावर मार्च ते मे या काळात वावटळी उठतात त्या पाश्चात्त्य आहेत काय? देशीपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आधी आपल्या भाषेतील देशी शब्द कुठे राहतात ते पाहावे. वेसाव्याच्या कोळ्याला उधाण आणि भांग यांतील भेद रक्तातून कळतो. आमच्या वर्गातील किती जणांना तो सांगता येईल? शाळेच्या भूगोलात आपण ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ शिकलो. दिवसा समुद्राकडून येणारे खारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई. किती सुंदर आणि किती नेमके शब्द! दुपारी हेच गार, खारे वारे उपनगरांवर पसरतात आणि तापलेल्या हवेचे स्तंभ उंच वाढू देत नाहीत, म्हणून विनाइंजिनाच्या विमानाला मुंबईपेक्षा घाटमाथ्यापलीकडचे पुणे मानवते. हे दोन शब्द भूगोलाच्या वहीतून मराठीच्या वहीत कधीच आले नाहीत.

त्याच भूगोलाच्या पुस्तकात तिसरा एक शब्द आहे: आरोह. हवा तापून वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो, त्याला आपण आरोह पर्जन्य म्हणत आलो. संगीतात तर तो घरचाच. थर्मलसाठी प्रतिशब्द शोधायला समिती नको, तो आपल्याजवळ आहे. वर या लेखात आम्ही तो एकदा वापरलाही, आणि वाचकाला अडखळल्यासारखे झाले नसेल. वैमानिक आरोह शोधतो, आरोहात फिरतो, आरोह सुटला की पुढच्याकडे जातो. भाषेत जागा होती. नव्हते ते तिथे जाणारे पाऊल.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: माहिती म्हणजे साहित्य नव्हे. खरे आहे. पण माहितीवाचूनचे साहित्य तरी काय असते? मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. वनखात्यातील नोकरीत जंगल हिंडत, आदिवासींकडून आणि फासेपारध्यांकडून शब्द वेचत त्यांनी मराठीला पाखरांचे एक जग दिले, पक्षिकोश दिला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. श्रद्धांजलीपर लेखांत त्यांना अरण्यऋषी म्हणून नमस्कार करण्यात आला, आणि नमस्कार करून आपण मोकळे झालो. ऋषी म्हटले की अनुकरण करावे लागत नाही. त्यांची पद्धत, म्हणजे आधी जाऊन पाहणे, जाणकाराला विचारणे, त्याने वापरलेला शब्द जसाच्या तसा टिपणे, आणि मगच लिहिणे, ती आमच्या कुठल्याही अभ्यासक्रमात कौशल्य म्हणून शिकविली जात नाही. आम्ही शिकवितो रसग्रहण.

या न पाहण्याची किंमत केवळ भाषेलाच मोजावी लागते असे नाही. गिधाडाचे पाहा. आरोहावर तरंगण्यात त्याच्या तोडीचा पक्षी नाही. मराठीत मात्र ते शिवीपुरते उरले. तेंडुलकरांच्या नाटकाचे नाव ‘गिधाडे’ आहे ते माणसांसाठी आहे, आणि नाटककाराला तो अधिकार आहे. पण नाटकाबाहेरही गिधाड आपल्याला माणसाच्या लोभाचे रूपक म्हणूनच ठाऊक राहिले. १९९० च्या दशकापासून जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडांच्या प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तेव्हा आकाश जवळजवळ रिकामे झाले होते. आपल्या साहित्यात ते रिकामे झाल्याची चाहूल किती उमटली? रूपक जागेवर होते, पक्षी नसला तरी कुणाचे काही अडले नाही.

आणि उपनगरातील आपले स्वतःचे आकाश? जुहूचा विमानतळ १९२८ चा, देशातील नागरी उड्डाणाचा पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले. २८ जून २०१८ रोजी याच जुहूहून उडालेले एक लहान विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळले. विमानातील चौघे गेले, आणि रस्त्याने जाणारा एक माणूस गेला. घाटकोपर आणि कुर्ल्याच्या टेकड्यांवरील घरांवरून दर काही मिनिटांनी उतरणारी विमाने जातात, तेव्हा वर्गात शिकवणे क्षणभर थांबवावे लागते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांना पश्चिमेचा वारा आपटून वर चढतो, आणि त्या चढावर घारी पंख न हलविता उभ्या असल्यासारख्या दिसतात. देवनारच्या कचराभूमीवर त्या शेकडोंनी फिरतात. म्हणजे आकाशात इतिहास आहे, मृत्यू आहे, गरिबी आहे, कौशल्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनात मात्र आकाश निळे असते, अथांग असते, आणि त्यात भरारी घ्यायची असते. कारण आम्ही त्याला गुण देतो.

यावर आमची मागणी मोठी नाही. अनुभवलेखनाच्या गुणांकनात ‘उत्कटता’ या सदराच्या आधी ‘पाहिलेले’ असे सदर असावे. विद्यार्थ्याने एका अपरिचित कामाच्या जागी, मग ते ग्लायडिंग केंद्र असो, कोळीवाडा असो वा मुलुंडचे एखादे लेथवर्कशॉप, एक दिवस घालवून तिथले शब्द टिपून आणावेत. आणि शिक्षकांनी निदान एक वर्ष ‘भरारी’ हा शब्द लिहिण्याचे, बोलण्याचे, प्रस्तावनेत वापरण्याचे टाळावे. उपवास केल्याने कुणी मरत नाही, चव मात्र परत येते.

त्या मुलीचा आम्ही शोध घेतला. ती आता नोकरी करते, लिहीत नाही. आमच्यापैकी ज्यांनी तो शेरा लिहिला होता त्यांनी तिला दूरध्वनी करून क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, “सर, मला तर वाटलं होतं की मी चुकून भूगोलाचा पेपर लिहिला.” या वाक्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. एका विद्यार्थिनीने काहीतरी खरे पाहिले, ते खऱ्या शब्दांत सांगितले, आणि आपण विषय चुकलो अशी तिची खात्री करून देण्यात आम्ही यशस्वी झालो.

तिच्या परवानगीने ती सात पाने यंदापासून आम्ही वर्गात वाचायला घेतली आहेत. पहिल्या दिवशी एका मुलाने विचारले, की उकळत्या चहात पूड खरंच तळातून वर येते का. कुणालाच खात्रीने सांगता आले नाही. तेव्हा तास थांबवून सगळे उपाहारगृहात गेले, आणि पातेल्याभोवती उभे राहून पाहू लागले.